हाताने केलेली वस्तू विकली आणि कुणाला लागलं, तर जबाबदारी कुणाची?

"ताई, तुमचा झोपाळा खाली आला. वैनींचं मनगट मोडलं." चंदगडहून आलेला हा फोन मी विसरू शकत नाही. बेळगावात, वडगावच्या घरी, मी मॅक्रमेचे, म्हणजे दोराला गाठी मारून केलेले, झोपाळे विणून विकते. पहिला विचार आला की दोर तुटला असणार. जाऊन बघितलं तर दोर शाबूत होता. सगळे दोर वर ज्या लोखंडी कडीत येऊन मिळतात ती कडी उघडली होती. कडी मी बाजारातून आणलेली. तिचा जोड वेल्डिंग केलेला नव्हता, नुसता दाबून बसवलेला होता आणि वरच्या पॉलिशमुळे दिसत नव्हता.

त्या बाईंनी केस केली नाही. केली असती तर माझ्याकडे उत्तर नव्हतं, हे मला नंतर वकिलांकडे बसल्यावर कळलं. खानापुरात माती घडवणारे, गोकाकची खेळणी रंगवणारे, विळ्या-खुरपी करणारे लोहार, घरी साबण आणि मेणबत्त्या करणाऱ्या मुली, क्रोशाच्या बाहुल्या विणणारे बचत गट, या सगळ्यांना उपयोगी पडावं म्हणून तिथे कळलेलं क्रमाने लिहिते आहे. प्रत्यक्ष नोटीस हातात आली असेल तर मात्र लेखावर थांबू नका, वकिलाला गाठा.

पायरी १: कायदा तुम्हाला 'उत्पादक' म्हणतो, हे मान्य करा

"आमचं काय, घरगुती आहे" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा भेद करत नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या या कायद्यात 'उत्पादन दायित्व', म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेची जबाबदारी, नावाचं एक स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. त्यात वस्तू बनवणारा तर उत्पादक आहेच. दुसऱ्याने केलेले भाग जोडून वस्तू उभी करणाराही उत्पादक, आणि दुसऱ्याच्या वस्तूवर आपलं नाव किंवा छाप लावणाराही उत्पादक. म्हणजे माझी कडी कारखान्यातून आलेली असली तरी झोपाळा माझाच. ग्राहकाने मला धरायचं. कडीवाल्याशी माझा हिशेब मी नंतर वेगळा करायचा.

कलम ८४ मध्ये उत्पादक कधी सापडतो ते सांगितलं आहे: वस्तू करताना दोष राहिला, मुळात रचनाच चुकीची होती, ठरलेल्या मापाप्रमाणे वस्तू झाली नाही, तुम्ही दिलेली हमी खरी ठरली नाही, किंवा नीट वापराच्या सूचना आणि चुकीच्या वापराबद्दलचा इशारा पुरेसा दिला नाही. शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. वस्तू उत्तम आहे, फक्त कागद दिला नाही, तरी तुम्ही अडकू शकता.

या कलमात तुमचा निष्काळजीपणा सिद्ध करायची अट नाही. वस्तूत दोष होता आणि त्याच दोषाने इजा झाली, एवढं ग्राहकाने दाखवायचं असतं. "मी मन लावून केलं होतं" हे खरं असलं तरी ते उत्तर होत नाही. हे ऐकताना मला वाईट वाटलं होतं. पण मोडक्या मनगटाच्या बाजूने विचार केला तर कायद्याचं म्हणणं पटतं.

तक्रार फक्त पैसे देणाऱ्यालाच करता येते असंही नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा माणूसही ग्राहकच धरला जातो. झोपाळा दिराने घेतला, पडल्या वैनी. तक्रार वैनींची.

पायरी २: तुमची वस्तू कुठे दुखवू शकते, ते बसून लिहून काढा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. वही घ्या आणि वस्तू समोर ठेवा. ती तुम्ही कशी वापराल ते लिहू नका. पाच वर्षांचं पोर तिच्याशी काय करेल, चष्मा न लावलेली आजी काय करेल, घाईतली सून काय करेल, ते लिहा.

विळी घ्या. विळीने बोट कापतं हे कुणाला सांगावं लागत नाही, आणि कायदाही तेच म्हणतो: जो धोका उघड आहे किंवा सगळ्यांना माहीत आहे त्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादकाला धरता येत नाही. कलम ८७. पण नारळ खवताना पातं पाटापासून हललं आणि हात चिरला, तर तो धोका उघड नव्हता. तो बसवण्यातला दोष. कोयत्याचं तसंच. धार लागणं वेगळं आणि मुठीतून पातं निसटून समोरच्याला लागणं वेगळं. लोहारदादांनी धारेची चिंता कमी आणि मुठीची जास्त करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

धारदार वस्तूंबद्दल आणखी एक. शस्त्र कायदा १९५९ केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंना शस्त्र मानत नाही. म्हणून विळी, खुरपं, ऊस तोडायचा कोयता यांची अडचण नाही. शोभेची तलवार, कट्यार, लांब पात्याचा सुरा यांचं तसं नाही. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरगुती-शेती-औद्योगिक वापराची नसलेली हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात. शिवजयंतीसाठी कुणी तलवारींची ऑर्डर दिली, तर आधी पोलीस ठाण्यात विचारा, मग भट्टी पेटवा.

मातीची भांडी. खानापूरची माती नावाजलेली, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. साधं भाजलेलं मडकं निर्धोक असतं, प्रश्न चकाकीचा आहे. काही ग्लेझमध्ये शिसं असतं, आणि चिंच, कोकम, ताक, लोणचं असे आंबट पदार्थ ते शिसं ओढून घेतात. त्याची चव लागत नाही, वासही येत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. ग्लेझ विकत घेताना शिसेविरहित असल्याचं लेखी मागा. मिळालं नाही तर त्या भांड्यावर 'फक्त शोभेसाठी, खाण्यापिण्यासाठी नाही' असं भाजण्याआधीच तळाला कोरा. चिकटवलेली चिठ्ठी पहिल्याच धुण्यात निघून जाते.

खेळणी. इथे नियम सगळ्यात कडक आहेत आणि आपल्या भागात सगळ्यात कमी माहीत आहेत. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी केलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना, तसंच भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणून कारागिराचं ओळखपत्र, ज्याला 'पहचान' कार्ड म्हणतात, ते काढून घ्या. नोंद नसताना चिन्हाशिवाय खेळणी विकणं हा गुन्हा आहे. भारतीय मानक ब्युरो कायदा २०१६ प्रमाणे पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख रुपये दंड होऊ शकतो. घरी बाहुल्या विणणाऱ्या बायकांना हे कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

आणि ही सूट चिन्हापुरतीच आहे. नोंदणीकृत कारागिराच्या बाहुलीचा मण्याचा डोळा बाळाच्या घशात अडकला, तर उत्पादन दायित्व जसंच्या तसं लागू होतं. तीन वर्षांखालच्या बाळांसाठी मणी, बटण, घुंगरू लावूच नका, डोळे भरतकामाने काढा. चाचणीत लहान भाग ओळखायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते बाळाच्या घशातही जाऊ शकतं. रंगाचंही बघा: घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांहून जास्त चालत नाही, असा नियम २०१६ मध्ये झाला. सुटा, डब्यावर काही न लिहिलेला रंग खेळण्याला लावू नका.

साबण, उटणं, लिप बाम यांना परवाना लागतो. अंगाला लावायच्या वस्तू 'सौंदर्यप्रसाधनं' म्हणून औषध खात्याच्या कक्षेत येतात आणि अंगाचा साबणही त्यात आला. घरच्या घरी करून भावकीत वाटणं वेगळं, विकणं वेगळं. फटाके आणि शोभेची दारू तर घरी करून विकायचा विचारही करू नका.

पायरी ३: तपासा, आणि तपासल्याचं लिहून ठेवा

माझी पद्धत सांगते. झोपाळ्यावर मी '१०० किलो' लिहिते. त्या मापाचा एक झोपाळा उद्यमबागेतल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये गर्डरला टांगते आणि त्यावर वाळूची ५० किलोची सहा पोती ठेवते, चोवीस तास. तीनपट वजन यासाठी, की माणूस धपकन बसला किंवा मुलं झोके घेऊ लागली की दोरावर येणारा ताण त्यांच्या वजनाच्या कितीतरी पुढे जातो. घरच्या तुळईला हा प्रयोग करू नका. नवा दोर आणला, नवी कडी आणली, की पुन्हा चाचणी. आता कडी वेल्डिंग केलेलीच घेते आणि प्रत्येक जोडावरून नख फिरवून बघते.

प्रत्येक खेपेला नंबर द्या. दोर कुठून, किती तारखेला, त्याचं बिल, चाचणीची तारीख, फोटो. खेपेतली एक वस्तू न विकता कपाटात ठेवा. उद्या वाद झाला तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तेव्हा तुमच्याकडचा नमुना साक्षीदारासारखा उभा राहतो.

पायरी ४: इशारा लिहा, हात झटकू नका

बाजारातल्या पाट्या आठवा: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. 'इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही'. अशा ओळींनी सदोष वस्तूची जबाबदारी संपत नाही. उलट, सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही तसंच.

इशारा मात्र खरोखर वाचवतो, कारण तो ग्राहकाला वाचवतो. चांगल्या इशाऱ्यात काय करू नये, केल्यास काय होईल आणि त्याऐवजी काय करावं, हे तिन्ही असतं. 'काळजीपूर्वक वापरा' हा इशारा नाही, त्यातून कुणाला काही कळत नाही. माझ्या कागदावर असं आहे: 'एका वेळी एकच माणूस, १०० किलोपर्यंत. हुक स्लॅबमध्ये किंवा तुळईत बसवा, पीओपीच्या छतात नको, हुक उपटून झोपाळा खाली येईल. पावसात बाहेर ठेवू नका, सुती दोर कुजतो. दर महिन्याला कडी आणि गाठी बघा. दोर विरलेला दिसला तर बसणं बंद करा आणि या नंबरवर फोन करा.'

आता भाषेचा प्रश्न, आणि आपल्या भागात तो टाळून चालत नाही. माझे निम्मे ग्राहक गोकाक, बैलहोंगल, हुबळीकडचे. मराठीतला कागद त्यांच्यासाठी कोराच. इशारा ज्याला वाचता येत नाही त्याला तो दिलाच नाही असं होतं. शिवाय राज्यात तयार होणाऱ्या ग्राहकोपयोगी वस्तूंवर नाव आणि वापराच्या सूचना कन्नडमध्येही असाव्यात, अशी तरतूद कर्नाटकाच्या २०२२ च्या कन्नड भाषा विकास कायद्यात आहे. म्हणून एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड, आणि मध्ये चित्रं. भाषांतर यंत्राकडून करून घेऊन तसंच छापू नका. माझा कन्नड मजकूर शेजारच्या शिक्षिकाबाईंनी वाचला, तेव्हा 'टांगा' या शब्दाचा अर्थ भलताच लागत होता हे कळलं.

माल आधीच पाकिटात बंद करून विकत असाल तर वजन-मापाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, किती नग किंवा किती वजन, महिना-वर्ष, करासह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. हा मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत असावाच लागतो. मराठी किंवा कन्नड जोडीला चालतं, पण फक्त त्यावर भागत नाही.

पायरी ५: दुकानदाराशी लेखी ठरवा

खडे बाजारातल्या एखाद्या दुकानात माल ठेवलात की दुकानदार विक्रेता होतो. त्याने वस्तूत बदल केला, स्वतःची वेगळी हमी दिली, किंवा तुमचा इशाऱ्याचा कागद ग्राहकाला दिलाच नाही, तर तोही जबाबदार. आणि बनवणारा कोण हेच कळत नसेल तर ग्राहक थेट दुकानदाराला धरू शकतो. म्हणून दुकानदार तुमचं नाव-पत्ता मागतो तेव्हा रागावू नका. त्याला एक साधं पत्र द्या: अमुक नग, अमुक खेप, प्रत्येकासोबत कागद, तो ग्राहकाला द्यायचा, वस्तूत बदल करायचा नाही. त्याची सही घ्या.

व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्रामवर विकलंत तरी हेच सगळं लागू. तिथे तुम्ही लिहिलेलं 'कधीच तुटणार नाही' हे वाक्य हमी ठरू शकतं. अशी वाक्यं आजच काढा.

पायरी ६: घर आणि धंदा यांच्यामध्ये काहीतरी उभं करा

एकट्याच्या नावावर धंदा असेल तर भरपाई तुमच्या घरादारातून, दागिन्यांतून वसूल होऊ शकते. भागीदारीत तर एका भागीदाराच्या चुकीचं देणं सगळ्यांवर येतं. मर्यादित दायित्व भागीदारी (एलएलपी) केली तर थोडा आडोसा मिळतो, पण ज्याच्या हातून चूक झाली तो स्वतः त्यातून सुटतोच असं नाही.

खरा आधार विम्याचा. 'प्रॉडक्ट लायबिलिटी' पॉलिसी सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडेही मिळते. दुकानाच्या पॅकेज पॉलिसीत असतं ते बहुधा 'पब्लिक लायबिलिटी', म्हणजे तुमच्या स्टॉलवर कुणी घसरून पडलं तर. विकलेल्या वस्तूने ग्राहकाच्या घरी झालेली इजा त्यात येतेच असं नाही. एजंटला हाच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. महाराष्ट्रात, गोव्यात विकलेल्या मालालाही संरक्षण आहे का, तेही विचारा.

पायरी ७: तक्रार आलीच तर

आपण सीमेवर राहतो म्हणून हे नीट समजून घ्या. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, ज्याला लोक अजून ग्राहक मंचच म्हणतात, तो तक्रार करू शकतो. चंदगडचा ग्राहक कोल्हापुरात, सावंतवाडीचा सिंधुदुर्गात. बेळगावच्या कारागिराला तिथे जावं लागेल. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. हा हिशेब मागितलेल्या भरपाईवर नाही, मोजलेल्या किमतीवर होतो. म्हणजे चारशे रुपयांच्या बाहुलीसाठी कितीतरी लाखांची भरपाई फीशिवाय मागता येते. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.

आयोगाची नोटीस मिळाली की उत्तराला ३० दिवस, आणि आयोगाने दिलेच तर आणखी १५. त्यापुढे सवलत नाही. उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो. पाकीट परत पाठवल्याने काही टळत नाही. वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. ही सोय अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींनाही आहे. फोन नंबर १५१००. मध्यस्थीची सोय आयोगातच असते. बहुतेक वेळा तीच शहाणपणाची.

ग्राहकाने वस्तूत बदल केला होता, सूचनेविरुद्ध वापरली, दारूच्या अमलाखाली वापरली, हे बचाव कायद्यात आहेत. पण ते दाखवायला तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचे कागद लागतात.

जीव गेला किंवा गंभीर इजा झाली, तर पोलीस तक्रारही होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचं, कलम १२५ दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या कृतीचं. अशा वेळी वकिलाशिवाय काहीही लिहून देऊ नका.

आणि पहिला फोन येतो तेव्हा? आधी माणसाची विचारपूस करा, दवाखान्यात जा. मदत म्हणून पैसे दिलेत तर 'कायदेशीर हक्क राखून, माणुसकीच्या नात्याने' असं लिहून पावती घ्या. चूक कुणाची यावर त्या क्षणी वाद नको आणि कबुलीही नको. विमा कंपनीला लगेच कळवा. मोडलेली वस्तू दुरुस्त करायला घेऊ नका, फोटो काढा, ती आहे तशी जपून ठेवायला सांगा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका.

मग त्याच दिवशी त्याच खेपेच्या सगळ्या ग्राहकांना फोन करा. माझ्या त्या पाकिटातल्या कड्यांचे अकरा झोपाळे गेले होते, चंदगडचा धरून. नऊ जणांचे नंबर बिलाच्या वहीत होते. "आज कुणी बसू नका, मी येऊन कडी बदलून देते," असं सांगत मी आणि माझा भाऊ तीन दिवस दुचाकीवर निपाणीपासून खानापूरपर्यंत फिरलो. दोन घरी जोड उघडायला लागलेला होता. अकरावा झोपाळा मी एका प्रदर्शनात बिलाशिवाय, रोखीने विकला होता. घेणारी मुलगी हसतमुख होती, तिने हिरव्या रंगाचा निवडला होता, एवढंच आठवतं. तो कुणाच्या घरी टांगलेला आहे, मला अजून माहीत नाही.